लेटरबॉक्स, पण टपालाचा नव्हे

माझा घात एका शब्दाने केला. तो शब्द म्हणजे लेटरबॉक्स.

आमच्या डार्टमूरच्या माळावर लेटरबॉक्स म्हणजे काय, हे शेंबडं पोरही सांगेल. घट्ट झाकणाचा डबा, आत हाताने कोरलेला एक रबरी शिक्का, एक वही, आणि हे सगळं एखाद्या दगडाखाली दडवलेलं. कुठे आहे ते सरळ सांगायचं नाही, फक्त खाणाखुणा द्यायच्या. ज्याला सापडेल त्याने आपला शिक्का त्या वहीत मारायचा, डब्यातला शिक्का आपल्या वहीत घ्यायचा आणि डबा होता तसा ठेवून घरी जायचं. टपालाशी याचा काडीचा संबंध नाही. पण माळ उतरून शहराकडे गेलं की त्याच शब्दाचा रंग लाल होतो. हे मला ठाऊक होतं. अर्ज लिहिताना तेवढं सुचलं नाही. त्यापायी एका भल्या गृहस्थाचा बूट गेला, माझी गाडी अडली, आणि ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला तेच हातचं जायची पाळी आली.

खटाटोप थर्झासाठी होता. थर्झा माझी बायको. तिने माळावर इतके डबे दडवलेत की काही तिचे तिलाच आता सापडत नाहीत. ती पुढे आणि मी मागून थर्मास घेऊन, असा आमचा संसार झाला. गेल्या शरदात एक्सेटरच्या डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं की तिच्या नजरेचा मधला भाग जातोय. कडेकडेचं दिसत राहील, पण वाचणं, कोरणं, बारीक काही बघणं उन्हाळ्यापर्यंत संपेल. घरी आल्यावर तिने चहा टाकला आणि म्हणाली, "गॉडफ्री, मला एक शेवटचा डबा ठेवायचाय. आणि त्यातल्या पहिल्या पाहुण्याचा शिक्का मला माझ्या डोळ्यांनी बघायचाय. मग जाऊ देत डोळे कुठे जायचे ते." एवढं बोलून ती साखर शोधायला लागली. साखर तिच्या समोरच होती.

शिक्का तिने त्याच आठवड्यात कोरला, रबराला नाक टेकवून. माळावरची एक पोटुशी घोडी. जागाही ठरवली. आमच्या घरामागून सरकारी जंगलाचं दगडी कुंपण जातं, त्याच्या बुडाशी एक रुंद चपटा दगड आहे, त्याखाली. कुंपणाला हात लावत लावत तिला उद्याही तिथवर एकटीने जाता येईल, असा तिचा हिशोब होता.

इथे माझा स्वभाव आडवा आला. मी कौन्सिलच्या बांधकाम परवाना खात्यात उभी हयात काढली. विनापरवाना शेड, वाजवीपेक्षा उंच कुंपणं, मागच्या दाराने वाढलेल्या खोल्या, सगळं माझ्या नजरेखालून गेलं. मी कोंबड्यांचं खुराडं वीतभर मागे घ्यायला लावलेलं आहे, कोंबड्या आत असताना. असा माणूस सरकारी दगडाखाली चोरून डबा सरकवणार? मला ते शोभलं नसतं.

"परवानगी घेऊ या," मी म्हणालो. "रीतसर."

"आजवर मी एकदाही घेतलेली नाही," थर्झा म्हणाली.

"ते माझ्या कानावर आलेलं नाही," मी म्हणालो आणि चष्मा पुसला.

आमच्या विडिकॉटमध्ये एका घरात शिंकलं की दुसऱ्या घरात रुमाल काढतात. संध्याकाळपर्यंत सल्ले सुरू झाले. शेजारचा सिरिल व्हॉस्पर मेंढ्या पाळतो. तो कुंपणावर कोपरं टेकून म्हणाला, "अहो पोटकलम साहेब, दगड उचला, डबा सरकवा, दगड ठेवा. परवानगी कसली घेताय, दगडाची?" मला 'पोटकलम' हे नाव त्यानेच ठेवलंय. त्याची एक पत्र्याची शेड मी पाडायला लावली होती, ते दुःख तो अजून कुरवाळतोय. समोरच्या एन्डाकॉट बाईंचा सल्ला वेगळा. त्या पाद्रीबुवांपासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना राजा म्हणतात. "माझ्या राजा, त्यांना सांग, वटवाघळांची पेटी आहे म्हणून. या देशात माणसाला हलवतात, पण वटवाघळाला हात लावायची कोणाची छाती नाही." सल्ला म्हणून यात तथ्य होतं, हे मी खात्यातल्या अनुभवाने सांगतो. पण खोटं लिहून द्यायचं म्हणजे... छे.

मी जंगल कचेरीला फोन केला. पलीकडून एक झोपाळू आवाज म्हणाला, "डबा कुंपणाच्या आत की बाहेर?"

"दगडाखाली."

"दगड आत की बाहेर?"

"दगड कुंपणाच्या खालून गेलाय. थोडा आत, थोडा बाहेर."

"मग डबा कुठल्या भागाखाली? आत असेल तर आमचा. बाहेर असेल तर राष्ट्रीय उद्यानाच्या कचेरीचा, माळ त्यांच्याकडे येतो."

मी टेप घेऊन मोजायला गेलो. टेपचं दुसरं टोक थर्झाने धरलं. पाऊस होता, आणि ती कुठल्या दगडावर टोक धरून उभी आहे हे बराच वेळ दोघांनाही कळलं नाही. शेवटी निघालं असं की डब्याचं झाकण जंगलात येतं आणि बूड माळावर. म्हणजे दोन्ही कचेऱ्यांची परवानगी आली. मी दोघांची नियमावली मागवली आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवून वाचली. जंगलवाल्यांचं म्हणणं, असा कुठलाही डबा वाटेवरून आमच्या माणसांना स्पष्ट दिसला पाहिजे. उद्यानवाल्यांचं म्हणणं, असा कुठलाही डबा वाटेवरून कोणाला म्हणजे कोणालाही दिसता कामा नये. मी दोन्हीकडे पुन्हा फोन केले. दोघेही अतिशय सभ्यपणे म्हणाले, "त्यांचं ते मार्गदर्शन आहे हो, आमचा तो नियम आहे."

दुसरा एखादा असता तर हरला असता. मी हरलो नाही. मला, खरं सांगायचं तर, थोडी मजाच येत होती. बऱ्याच दिवसांनी माझ्या टेबलावर एक खरंखुरं प्रकरण आलं होतं. मी नकाशा काढला, छेद काढला, डब्याची लांबीरुंदी लिहिली आणि अर्जाला ठळक अक्षरांत मथळा दिला : 'जंगलहद्दीत लेटरबॉक्स बसवण्याबाबत'.

हाच तो मथळा. अर्ज दोन्ही कचेऱ्यांना धाडला; जंगल कचेरीने तो वरच्या शहरातल्या मोठ्या कचेरीत पाठवला. तिथल्या ज्या कोणी साहेबांनी तो वाचला, त्यांनी माळ नुसता खिडकीच्या काचेतूनही पाहिला नसावा. त्यांनी तो टपालवाल्यांकडे पाठवून दिला.

नाताळ उलटून गेल्यावर एक दिवस दारात लॉफ्टहाउस नावाचे गृहस्थ उभे राहिले. नीटनेटका कोट, चकचकीत बूट, हातात कागद अडकवलेली पाटी. टपालाकडून पाहणीला आलो म्हणाले. मी तोंड उघडायच्या आत थर्झाने त्यांना आत घेऊन मांस-बटाटा भरलेली गरम पेस्टी पुढे ठेवली. माझी बायको गंभीर चेहऱ्याने काय करू शकते याची कल्पना असूनही मी गप्प बसलो.

"बाई, त्या जागी रोज साधारण किती पत्रं अपेक्षित आहेत?"

"हवा चांगली असेल तर दोघं-तिघं येतात," थर्झा म्हणाली. "ऑगस्टात जास्त. पावसात ज्यांचा खरा जीव आहे तेवढेच."

लॉफ्टहाउसनी लिहून घेतलं. "आणि पत्रं उचलायची वेळ कुठली सोयीची?"

"उचलत नाही कोणी. येतात, उघडतात, वाचतात आणि परत ठेवतात."

त्यांचं लिहिणं थांबलं. "कोण वाचतं?"

"जो येईल तो."

"दुसऱ्यांचं?"

"मग? स्वतःचं वाचायला एवढा डोंगर कोण चढेल?"

"आणि... पेटी उभी कशावर राहणार?"

"उभी नाही हो. दगडाखाली, आडवी. दिसायला नको ना कोणाला."

लॉफ्टहाउसनी पेस्टी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. एका शहाण्या माणसाने दुसऱ्याकडे मदत मागावी तसं. मग मी खुलासा केला. त्यांना तो पटलाही. पण आलोच आहोत तर जागा पाहून जाऊ, म्हणजे अहवाल पुरा होईल, असं ते म्हणाले आणि मला त्यांच्याबद्दल आदर वाटला. अहवालाची चाड असलेली माणसं आता राहिली नाहीत. त्याच आदराच्या भरात, हिरवं गवत दिसतं तिथे पाय टाकू नका, हे सांगायचं माझ्याकडून राहिलं. माळावर सगळ्यात हिरवं गवत जिथे असतं तिथे खाली जमीन नसते. लॉफ्टहाउस कमरेपर्यंत गेले. व्हॉस्पर ट्रॅक्टर आणि दोर घेऊन आला. "पोटकलम साहेब, बाहेर काढायची परवानगी आहे का," असं विचारल्याशिवाय त्याने दोर टाकला नाही. गृहस्थ निघाले, एक बूट राहिला. ते माझ्या सपाता घालून शहराला परत गेले.

त्याआधी ते चहा पिऊन अंगात ऊब आणत असताना एन्डाकॉट बाईंनी डाव साधला. गावातली जुनी टपालपेटी कधीच काढून नेली होती आणि तेव्हापासून बाई सरकारवर दात धरून होत्या. त्यांनी घराघरांतून सह्या आणून लॉफ्टहाउसांच्या मांडीवर ठेवल्या. "माझ्या राजा, आता आलाच आहेस तर."

फेब्रुवारी सरता सरता गावाला लाल टपालपेटी मिळाली. ती अगदी माझ्या फाटकासमोर रोवली, कारण अर्जावर पत्ता माझा होता. आता मला गाडी बाहेर काढायची तर आधी मागे, मग पुढे, मग पुन्हा मागे, असं सगळ्या गावासमोर नाचावं लागतं. गावाने छोटासा समारंभ केला. केक होता. व्हॉस्परने भाषण केलं. "ज्या माणसाने जन्मभर या गावात काही उभं राहू दिलं नाही, त्याने शेवटी काहीतरी उभं केलं." लोक मनापासून टाळ्या वाजवत होते. मी मान लववली. दुसरं काय करणार होतो?

आठवड्याभराने दोन पाकिटं आली, नव्या पेटीच्या पोस्टमनकडून. पहिलं माझ्याच जुन्या खात्याचं. आमचं घर मूळचं जुनं कोठार; त्याच्या जतन केलेल्या दर्शनी भागासमोर विनापरवाना लाल रंगाचं बांधकाम केल्याबद्दल अर्जदार श्री. गॉडफ्री लस्कम यांना नोटीस. खाली सही कुमारी टॅपरची. तिला मीच शिकवलंय. 'आम्ही खेदपूर्वक परंतु ठामपणे कळवतो की' हे माझं वाक्य होतं. ते मी किती लोकांना पाठवलं असेल! इतक्या वर्षांत ते वाचणाऱ्याला कसं लागतं हे मला पहिल्यांदाच कळलं आणि मी भयंकर तापलो.

"बघ, बघ ही काय म्हणते!" म्हणत मी कागद थर्झापुढे धरला.

तिने तो घेतला, एका बाजूला धरला, मान तिरकी केली, मग दुसऱ्या बाजूला धरला. "तूच वाच," म्हणाली.

"अगं, मोठ्या अक्षरांत आहे."

"गॉडफ्री, मला कडा दिसतात रे. मधे काही नाही. महिना झाला, मी पाकिटांवरचं नावही वाचत नाही. तू तुझ्या प्रकरणात होतास, म्हटलं कशाला सांगायचं."

मी हातातलं दुसरं पाकीट उघडलं, हातांना काहीतरी काम हवं म्हणून. ते उद्यान कचेरीचं होतं. त्यांनी लिहिलं होतं की अर्ज तत्त्वतः मान्य आहे, मात्र आता पाखरांचा अंडी घालायचा काळ सुरू झाल्याने कुंपणालगत कसलीही हालचाल नको, जुलै संपल्यावर पाहता येईल. ते मी तिला मोठ्याने वाचून दाखवलं. वाचायला नको होतं, पण सवय.

"जुलै," थर्झा म्हणाली. मग उठून वाळत घातलेले कपडे आणायला गेली. दारात तिने चौकटीला हात लावून अंदाज घेतला. मी तिला तसं करताना पूर्वी कधी पाहिलं नव्हतं, किंवा पाहिलं असेल तर लक्ष दिलं नव्हतं. मला स्वतःचा इतका राग आला की मी नोटिशीवरच बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हणालो, "कोट घाल. डबा घे."

"परवानगी आली?"

"कोट घाल म्हणतो ना."

आम्ही कुंपणाच्या कडेने गेलो. दगड मी उचलला, डबा तिने ठेवला. घरट्याला धक्का नको म्हणून मी आधी सगळीकडे वाकून पाहिलं, एवढं तरी नमूद करतो. तेवढ्यात व्हॉस्पर कुत्रा घेऊन समोरून आला. माझा चेहरा काय झाला असेल ते असेल. तो थबकला, त्याने टोपी मागे सारली आणि वर पाहू लागला. "आज आभाळ काय सुंदर आहे नाही, साहेब," म्हणाला आणि आभाळाकडे बघत बघतच निघून गेला. आभाळात फक्त ढग होते.

आता फक्त पाहुणा यायला हवा होता. थर्झाने खाणाखुणा सांगितल्या, मी लिहिल्या, ओळखीच्या डबे शोधणाऱ्यांना कळवल्या. आणि पाऊस लागला. डार्टमूरला पाऊस लागतो म्हणजे ढग घरी राहायलाच येतात. माळावर चिटपाखरू नाही. थर्झा रोज सकाळी खिडकीशी तिरकी उभी राहून विचारायची, "कोणी दिसतंय का रे वाटेवर?" मी म्हणायचो, "अजून नाही." रोज ती खिडकीच्या थोडी जास्त जवळ जायची.

मग मी काय केलं ते सांगतो. बागेतल्या खोपटात जाऊन मी दार लावून घेतलं आणि तिच्या जुन्या हत्यारांनी एक शिक्का कोरला. आयुष्यात पहिल्यांदा. माझ्याकडे कधी शिक्का नव्हता, वहीही नव्हती, मी आपला थर्मासवाला. त्यामुळे चित्रही थर्मासचं काढलं, दुसरं काही मला काढता येणार नव्हतं. खाली नाव कोरलं 'वाटसरू', म्हणजे कोण ते कळायला नको. रबर कापायला सोपं दिसतं, पण ते रबराला माहीत नसतं. अंगठा चांगलाच कापला. मग भर पावसात जाऊन मी डबा उघडला, कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर शिक्का मारला, पाण्याने फुगायच्या आत वही मिटली आणि घरी येऊन, मासे आणायला गेलो होतो, असं सांगितलं. मासे मात्र आणले नव्हते.

पाऊस थांबल्यावर आम्ही दोघं गेलो. मी दगड सरकवला. थर्झाने गुडघे टेकून डबा उघडला, वही काढली आणि पहिलं पान चाचपलं. शाईने कागद जरा फुगतो, तो तिच्या बोटांना कळला.

"कोणीतरी आलं होतं, गॉडफ्री."

"असं?" मी सरकारी आवाजात म्हणालो.

तिने वही कानाजवळ नेली, जणू काही ऐकतेय, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघू लागली. थोडी उजेडाकडे फिरवली. पुन्हा बघितलं. मला एवढंच हवं होतं की तिला ते दिसावं. काहीतरी आहे एवढं तरी.

"ही काय, बादली आहे?"

"थर्मास असेल," मी म्हणालो. फार लवकर म्हणालो.

तिने पान आणखी जवळ नेलं. "खाली अक्षरं आहेत. थांब... ही सगळी उलटी आलीत."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. शिक्क्यावर अक्षरं आरशातल्यासारखी कोरायची असतात, तरच कागदावर ती सुलटी उमटतात. मी ती सुबक, सरळ, वाचता येतील अशी कोरली होती. आमच्या माळावर ही चूक सहा वर्षांची मुलं करतात, तीही एकदाच.

"या अख्ख्या माळावर," थर्झा हळू म्हणाली, "इतकी वर्षं शिक्के बघूनही हे ज्याला कळलेलं नाही असा एकच माणूस आहे. अंगठा दाखव बघू."

मी अंगठा पुढे केला. पट्टी बांधलेली होती. तिने पट्टीवरून बोट फिरवलं आणि हसायला लागली. गुडघ्यांवर बसून, वही छातीशी धरून, मोठमोठ्याने. मी मात्र रडायला लागलो, खरं तेच सांगतो, आणि नाक पुसायला रुमालही आणला नव्हता.

"मला दिसला," ती म्हणाली. "काय भिकार शिक्का आहे रे! पण दिसला मला." मग तिने डोळे पुसले. "आता पाहुण्याची वही कुठाय? माझा शिक्का पाहुण्याला मिळायला हवा."

"वही नाही माझ्याकडे."

"मग हात आण."

वही विसरलेल्या मुलांना आम्ही हातावर शिक्का देतो, तशी पद्धत आहे. तिने शाईची डबी चाचपून उघडली, घोडी शाईवर दाबली, डाव्या हाताने माझा हात धरला आणि मनगटावर जोरात शिक्का मारला.

"नीट आली का? मला हे एवढं नाही दिसत."

घोडीचं डोकं आणि पुढचे पाय माझ्या बाहीवर गेले होते. हातावर फक्त मागचा भाग होता, शेपटीसकट.

"अगदी नीट," मी म्हणालो.